गादीच्या पोटात काय आहे, ते बिलावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. एकतीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाचा ग्रेडर होतो. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, खालचा कापूस ओढून काढायचा, धागा ताणून लांबी पाहायची. ओल आठ टक्के की बारा, हे मशीनच्या आधी बोटांना कळायचं. वर कोरडा पांढराशुभ्र माल आणि खाली ओला, कवडीचा दडवलेला, अशा गाड्या मी शेकड्यांनी परत पाठवल्या. वरचा थर पाहून भाव द्यायचा नसतो, हे ज्याच्या हाडात मुरलं आहे त्याच्या घरात वरचा थर दाखवून गादी विकली गेली. त्याबद्दल लिहितो आहे. लग्नसराई तोंडावर आहे आणि आमच्या भागात आंदणात गादी देतातच.

माझ्या पत्नीला मणक्याचा त्रास. पस्तीस वर्षं वाकून कापूस वेचल्यावर दुसरं काय होणार. सकाळी उठताना पलंगाची पाटी धरून पाच मिनिटं बसावं लागतं. आमच्याकडे सगळे सांगतात, कंबर दुखते तर फळीवर झोपा. तिने दोन महिने फळीवर चादर टाकून काढले आणि खांदेही धरले. डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं. त्यांनी सांगितलं की २००३ साली स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर चाचणी झाली होती, ती लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आली आणि तिच्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवरच्या लोकांना जास्त आराम पडला. गादी कडक नको, पण कंबर खाली जाऊ देणारीही नको. लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाची, मिळाली तर पाहा, असंही ते म्हणाले.

म्हणून गेल्याच्या गेल्या दसऱ्याला शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानदार भला वाटला. "काकाजी, ही नॅचरल लॅटेक्स आहे, ऑरगॅनिक आहे, ऑर्थो आहे," असं म्हणत त्याने कोपऱ्यात बोट दाबलं, गादी वर आली. खोळीवर हिरव्या पानाचं चित्र. ७२ बाय ६० ची, सहा इंच जाड. किंमत २८ हजार ५०० रुपये, म्हणजे तेव्हाच्या भावाने चार क्विंटल कापूस. पत्नी हळूच म्हणाली, "एवढ्या पैशात तं घराचं छप्पर होते." मीच हट्टाने घेतली. बिलावर त्याने लिहिलं, 'मॅट्रेस १ नग'. मी ते वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

घरी आल्यावर गावातल्या धान्याच्या काट्यावर गादी मोजली. लॅटेक्स वजनाला भारी असतं, हे मुलाने सांगितलं होतं. हिशेब सोपा आहे आणि ज्यांना घ्यायची आहे त्यांनी लिहून ठेवावा. ७२ बाय ६० बाय ६ इंच म्हणजे सुमारे ०.४२ घनमीटर. लॅटेक्सची घनता घनमीटरला ८० किलो धरली तर अशी गादी ३४ किलो भरते. बाजारातला साधा ३२ घनतेचा फोम असेल तर जेमतेम १४ किलो. आमची भरली ३६. खोळीचे दोन किलो वजा केले तर आकडा तंतोतंत. मी निश्चिंत झालो.

अक्षय्य तृतीयेपर्यंत मधोमध खड्डा पडला. "मले तं रात्री नालीत निजल्यासारखं वाटते," ती म्हणाली. हात फिरवला तर खरंच पसाभर खोल. खोळीला चेन नव्हती, चारही बाजू शिवलेल्या. नवं ब्लेड आणलं आणि एक बाजू उसवली. वर दोन इंचांचा पांढरा, बारीक भोकांचा थर होता. त्याखाली चार इंच गुलाबी, हिरवे, पिवळे, राखाडी तुकडे एकत्र चिकटवून दाबलेला ठोकळा. कारखान्यात फोम कापताना जे तुकडे उरतात त्यांचा चुरा गोंदाने दाबून असा ठोकळा करतात, त्याला रिबॉन्डेड फोम म्हणतात. त्याची घनता ८० ते १०० च्या घरात भरते. माझा वजनाचा हिशेब चुकला नव्हता, पण या फोमचं वजन लॅटेक्सइतकंच असतं हे मला ठाऊक नव्हतं. काटा लॅटेक्सची गादी साध्या फोमपासून वेगळी काढतो. रिबॉन्डेडपासून वेगळी काढायची तर उघडूनच पाहावी लागते.

रिबॉन्डेड गादी विकूच नये, असं मी म्हणत नाही. कमी पैशात टणक गादी हवी असलेल्याला ती चालते, आणि ती सहा-सात हजारांत मिळते. पण सहा हजारांची वस्तू अठ्ठावीस हजारांना आणि झाडाचं नाव लावून विकायची, हे चालत नाही. दुकानदाराकडे गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "लॅटेक्स आहे ना आत? मग लॅटेक्सचीच झाली." तो दोन इंचांचा थर तरी झाडाच्या चिकाचा की कारखान्यातल्या रसायनाचा, याचा कागद त्याच्याकडे नव्हता, आणि तो मागावा हे दसऱ्याला मला सुचलं नव्हतं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. मुलाने मोबाइलवर वाचून दाखवलं, मी वहीत उतरवलं.

काही वर्षांपूर्वी आम्ही यात्रेच्या बसने कन्याकुमारीला गेलो होतो. तिकडून तिरुवनंतपुरमकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच, सरळ झाडं, प्रत्येकाच्या सालीवर तिरपी चीर आणि चिरेखाली करवंटी बांधलेली. करवंटीत दुधासारखा चीक थेंबथेंब पडत होता. ते रबर. त्याच चिकाला लॅटेक्स म्हणतात. भारतातलं बहुतेक नैसर्गिक रबर केरळचं. रबर बोर्डाचं मुख्यालयही तिथेच, कोट्टायमला. झाडाचा ताजा चीक म्हणजे बहुतांश पाणी, रबर त्यात साधारण तिसरा हिस्सा. यंत्रात फिरवून पाणी कमी करतात, रबर ६० टक्क्यांवर आणतात आणि नासू नये म्हणून अमोनिया घालतात. मग त्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस आणायचा, साच्यात ओतायचा, वाफेवर पक्का करायचा. ही डनलॉप पद्धत, १९२९ पासूनची. दुसरी टालाले पद्धत. तिच्यात साच्यातली हवा ओढून फेस सगळीकडे सारखा पसरवतात, गोठवतात आणि मग तापवतात. डनलॉप जरा घट्ट आणि खालच्या बाजूला किंचित जड, टालाले हलकी, मऊ आणि महाग. आमच्याकडे दुकानात बहुधा डनलॉपच येते आणि कंबरेला ती पुरते.

पक्कं करताना गंधक, झिंक ऑक्साइड, साबण असं थोडं थोडं घालावंच लागतं, नाहीतर फेस बसून जाईल. म्हणजे '१०० टक्के नैसर्गिक' लिहिलेल्या गादीतही काही टक्के या वस्तू असतात. ती लबाडी नाही, शंभर टक्के याचा अर्थ त्यातलं रबर सगळं झाडाचं. लबाडी होते ती पेट्रोलियमपासून केलेलं कृत्रिम लॅटेक्स त्यात मिसळून नुसतं 'लॅटेक्स' म्हणण्यात. असं मिश्रण डोळ्यांनी ओळखता येत नाही, बोटांनीही नाही. कापसाचं तसं नाही. कापूस की पॉलिस्टर याचा संशय आला तर दोन धागे काडीने पेटवा. कापूस कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. लॅटेक्सला अशी घरगुती परीक्षा नाही. तिथे फक्त कागद उपयोगी पडतो, म्हणूनच मी कागदावर एवढा जोर देतो आहे.

आणि कागदांतही फरक आहे. 'नैसर्गिक' म्हणजे झाडाचं, एवढंच. 'ऑरगॅनिक' म्हणजे त्या बागेत रासायनिक खत आणि फवारणी नाही हे कुणीतरी तपासलेलं. लॅटेक्सला त्यासाठी ग्लोबल ऑरगॅनिक लॅटेक्स स्टँडर्ड, म्हणजे गॉल्स, हा शिक्का आहे. त्यात ९५ टक्क्यांहून जास्त कच्चा माल प्रमाणित सेंद्रिय लागतो. खोळीच्या कापसाला ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड, म्हणजे गॉट्स. त्यात दोन पायऱ्या आहेत. 'ऑरगॅनिक' लिहायला ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो, 'मेड विथ ऑरगॅनिक' लिहायला ७० टक्के पुरतो. ओइको-टेक्स नावाचा तिसरा शिक्का दुकानात फार दाखवतात. तो चांगला आहे, पण मालात घातक रसायनं ठरलेल्या मर्यादेबाहेर नाहीत एवढंच तो सांगतो. तो ऑरगॅनिकचा दाखला नव्हे. अनेकदा असंही असतं की खोळ ऑरगॅनिक कापसाची आणि आत फोम, आणि पाटी मात्र अख्ख्या गादीवर 'ऑरगॅनिक' अशी.

या शब्दाबद्दल मला कापसाच्या माणसाचं दुःख आहे, ते सांगतो. माझ्या स्वतःच्या तीन एकरांतला कापूस नैसर्गिक आहे, पण ऑरगॅनिक नाही, आणि मी तसं कधी म्हणणार नाही. २००२ साली बीटी, म्हणजे जनुक बदललेल्या, कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत विदर्भातलं जवळपास सगळं शिवार बीटीचं झालं. सेंद्रिय प्रमाणपत्राला बीटी बियाणं चालतच नाही. फवारणी तर आहेच. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्यावर्षी आमच्या गावातही लोक पंप पाठीवर घ्यायला भीत होते. ज्या शेतकऱ्याला खरोखर ऑरगॅनिक व्हायचं आहे तो रसायन थांबवतो, पिकाला किमान दोन वर्षांचा संक्रमणकाळ काढतो आणि उत्पन्नाची घट सोसतो. तो शब्द त्याने असा कमावलेला असतो. आणि २०२० साली गॉट्सनेच जाहीर केलं की भारतातला २० हजार टन कापूस बनावट कागदांवर सेंद्रिय म्हणून विकला गेला. दुकानात कुणी हिरवं पान छापून तो शब्द फुकट वापरतो, तेव्हा ग्राहकाआधी असा शेतकरी नागवला जातो. म्हणून नुसता शिक्का पाहून थांबू नका. खऱ्या गॉट्सच्या चिठ्ठीवर प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक गॉट्सच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. कॉलेजात जाणारी पोरं घरोघरी आहेत, त्यांना दोन मिनिटंही लागणार नाहीत.

माझ्या गादीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. मुलाने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, उसवलेल्या बाजूचे फोटो जोडले. सव्वा महिना गेला. दुकानदाराने १५ हजार परत दिले आणि गादी ठेवून घ्या म्हणाला. जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही. पण बिलावर 'मॅट्रेस १ नग' यापलीकडे काही नव्हतं. आपण काय विकत घेतलं हेच कागदावर नाही, तर काय फसवलं हे कसं दाखवायचं? पत्नी म्हणाली, पैसे घ्या आणि मोकळे व्हा. घेतले.

दुसरी गादी नागपूरहून आणली. तिथे खोळीला तिन्ही बाजूंनी चेन होती. मी सांगण्याआधीच दुकानातल्या मुलाने ती उघडली आणि सहाही इंच एकसंध पांढरं दाखवलं. आडवा कापलेला तुकडाही हातात दिला. माझं वजन ७२ किलो, पत्नीचं ५०. एकच गादी दोघांना सारखी कशी पुरेल? हलक्या माणसाला जरा मऊ, जड माणसाला जरा घट्ट लागते. म्हणून ७२ बाय ३० च्या दोन वेगवेगळ्या घेतल्या आणि एका मोठ्या खोळीत घातल्या. गॉल्सची होती, पण तिच्यासाठी आणखी बरेच पैसे पडत होते. मी साधी नैसर्गिक घेतली. आमचा प्रश्न कंबरेचा होता, तो नैसर्गिक लॅटेक्सने सुटतो. ज्यांना झेपतं त्यांनी ऑरगॅनिक जरूर घ्यावी. बिलावर त्यांनी लिहून दिलं, 'नैसर्गिक लॅटेक्स, डनलॉप, ६ इंच, एकच थर, घनता ८०'. तेवढ्या एका ओळीसाठी मी पुन्हाही नागपूरला जाईन. पत्नी आता सकाळी पाटी न धरता उठते. दुखणं गेलेलं नाही, पण तेवढं खरं आहे.

पहिले आठ-दहा दिवस रबराचा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवाव्या. रबरी हातमोज्यांनी ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी लॅटेक्स घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. नवारीच्या पलंगावर ती टाकू नये, नवार झोळ खाते आणि गादीही तिच्याबरोबर झोळ खाते. दिवाणाला सलग प्लायवूड असेल तर सुताराकडून भोकं पाडून घ्यावीत, नाहीतर पावसाळ्यात कूलरची आणि घामाची ओल खाली साचून बुरशी धरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लॅटेक्सला ऊन दाखवू नये. गेल्या ऑक्टोबरच्या उन्हात सुनबाईने दिवाळीची साफसफाई काढली आणि सवयीने या गाद्याही गच्चीवर नेल्या. तिची काय चूक? आमच्याकडे गादी म्हणजे उन्हात टाकायची वस्तू. मी जिन्यात असतानाच पाहिलं आणि ओरडलो, मग मला वाईट वाटलं. उन्हाने रबर पिवळं पडतं, कडक होतं, भुगा सुटतो. सावलीत, वारं लागेल अशी उभी ठेवली की पुरे.

ते ऊन सोसते आपली कापसाची गादी. लॅटेक्स आली म्हणून मी ती फेकली नाही, आणि वाचकांनीही फेकू नये. माझ्या आईच्या लग्नात आलेली गादी गावरान कापसाची आहे. गावरान कापसाचा धागा आखूड, बावीस-तेवीस मिलिमीटरच्या आतला, आणि जाडसर. सूतगिरणी त्याला नाक मुरडते, पण गादीत तोच खरा. जाड धागा दबला तरी उन्हात टाकला की पुन्हा फुगतो. संकरित कापसाचा लांब, नाजूक धागा सूत काढायला उत्तम, गादीत मात्र लवकर गोळे धरतो. मी आयुष्यभर लांब धाग्याला जास्त भाव लावला आणि निजलो आखूड धाग्यावर. पूर्वी दिवाळीनंतर पिंजारी चाचा खांद्यावर धुनकी घेऊन यायचे. ओसरीत दिवसभर तातीचा टणत्कार चालायचा, आम्हा पोरांच्या केसांत रुई. आता त्यांचा मुलगा टेम्पोवर मशीन घेऊन येतो, वर्षातून एखादवेळी. एकेरी गादीला नऊ-दहा किलो रुई लागते. आईची गादी किती वेळा पिंजली असेल, तिलाही सांगता येत नाही, पण रुई तीच आहे. पाठीचं दुखणं नसलेल्या माणसाने वीस-तीस हजार घालण्याआधी पिंजाऱ्याला बोलवावं. त्याच्यासमोर बसावं आणि खोळीत काय भरतो ते पाहावं, कारण आता तिथेही गिरणीतला कचरा आणि चिंध्यांचा भुगा शिरला आहे.

संपादक महाशय, ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या नावाने दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'नैसर्गिक', 'ऑरगॅनिक' असे शब्द वापरायचे तर पुरावा द्यावा लागतो, असं त्यांत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा आणि शुद्धता जाणून घ्यायचा हक्क आपल्याला दिलाच आहे. तालुक्याच्या दुकानांपर्यंत यातलं काही पोचलेलं मला दिसलं नाही. माझी विनंती दुकानदारांना आणि जिल्ह्याच्या ग्राहक खात्याला आहे. प्रत्येक गादीच्या बिलावर थराथराने लिहा. किती इंच, कशाचं, घनता किती, लॅटेक्स असेल तर नैसर्गिक की मिश्र. मराठीत लिहा. खोळीला चेन लावा आणि ती ग्राहकासमोर उघडा. लग्नसराईत एखाद्या अधिकाऱ्याने चार दुकानं फिरून चार गाद्या उघडून पाहिल्या तर फार बरं होईल.

माझ्या गादीचा वीतभर कापलेला तुकडा मी गावच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवला आहे. वर दोन इंच पांढरा, खाली चार इंच रंगीबेरंगी. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावचे लोक येतात, हातात घेऊन पाहतात. मागच्या आठवड्यात मुलीचं लग्न ठरलेला एक बाप आला होता. त्याने मोबाइलवर तुकड्याचा फोटो काढला आणि बिलावर काय लिहून घ्यायचं, ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

आपला,
एक वाचक
(निवृत्त कापूस ग्रेडर), ता. हिंगणघाट, जि. वर्धा